माडावरचा मुका

उरियामकाका माडावर चढून विहिरीवरच्या बायकांना चोरून बघतो, अशी आमच्या आबाइआंग बेटावर कुजबुज होती. आमच्याकडे नीरा काढणारा शेंड्यावर पोचला की मोठ्यानं गातो. वर माणूस आहे हे खाली न्हाणाऱ्या बायकांना कळतं, त्या कपडे सावरतात. काका मात्र मुका चढे, मुका उतरे.

पण बघत तो नव्हताच. नीरेसाठी फुलोऱ्याची पोय छिलून झाली की डोळे मिटून ऐकत बसायचा.

तरुणपणी त्याच्या गळ्यावर अख्खं बेट फिदा होतं. एकदा तो आणि त्याचा मेहुणा बाउरो मासेमारीला गेले, इंजिन बंद पडलं आणि होडी वाहवत गेली. बाउरोनं धीर सोडू नये म्हणून उरियाम सारखा गायचा. एका सकाळी भर पावसात बाउरो म्हणाला, "गप रे जरा, काहीतरी घरघरतंय." उरियामला वाटलं, तापात बरळतोय. त्यानं आवाज आणखी चढवला. पाऊस सरला तेव्हा लांब जाणाऱ्या जहाजाची पाठ दिसली. पुढचं जहाज आलं तेव्हा होडीत तो एकटाच जिवंत होता.

तेव्हापासून तो आधी ऐकून घेतो, मग बोलतो. बायको करवादते, "याच्याशी भांडायचं म्हणजे आपणच बोला, आपणच दमा." आणि संध्याकाळी तो माडावरून, मासेमारीला गेलेल्या होड्या परतल्या का, ते कानांनी हुडकतो.

हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. शेवटी गावच्या बैठकीत म्हाताऱ्या तेराकाआजीनं त्याला धरलं.

"दोन ओळी गा की बाबा. रेकलास तरी चालेल."

"गायलो की ऐकू येत नाही."

"काय ऐकायचंय? आमच्या चुगल्या?"

मग त्यानं बाउरोचं सांगितलं. कुणी हसलं नाही. पण रीत ती रीत: शनिवारपासून गाणं नाही, तर माड नाही. माडाशिवाय उरियाम म्हणजे नुसता घरात बसलेला म्हातारा.

मला गावातले सगळे आवाज काढता येतात. पाद्रीबुवांचा खोकला, तेराकाआजीचं खेकसणं, बेनियामिनाच्या होडीचं इंजिनसुद्धा. शुक्रवारी मी म्हटलं, "काका, तुझे कान फसवून दाखवते. फसलास तर तू गायचं, हरले तर तू म्हणशील ते."

तो वर चढला. मी होडीआड दडून इंजिन सुरू केलं.

वरून शांतपणे आलं, "बेनियामिनाचं इंजिन श्वास घ्यायला थांबत नाही गं, पोरी."

खाली उतरून त्यानं पैज वसूल केली: रोज त्याच्या माडाखाली उभं राहून मी गायचं. म्हटलं, "मग तुला ऐकू कसं येणार?"

"दुसऱ्याच्या गाण्याआडून येतं. स्वतःच्या नाही येत."

तेराकाआजी म्हणाली, "वरून गा नाहीतर खालून. आम्हाला सावरायला वेळ मिळाला म्हणजे झालं."

आता मी रोज गाते. सूर चुकला की वरून करवंटी येते.