माझ्या सर्व्हरवरची दुसरी ॲडमिन

खरं सांगतो, मी जळत होतो. नाशिक रोडच्या आमच्या कॉलेजात लॅबचा लिनक्स सर्व्हर चौदा वर्षं माझ्या एकट्याच्या ताब्यात. कुणाचं खातं उघडायचं, कुणाचं बंद करायचं, पासवर्ड विसरला तर कुणी बदलायचा? मी. दरवर्षी नव्या मुलांची खाती मी एकेक करून हाताने टाईप करायचो. दोन दिवस जायचे. मुलं दारात उभी राहून "सर, माझं झालं का?" विचारायची. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू?

मग लॅबमध्ये माझ्या हाताखाली ही आली. देवळा गावची, नोकरीला लागून जेमतेम महिना. नावांची यादी एका फाइलीत घेतली, खाली दहा ओळी लिहिल्या आणि म्हणते कशी, "सर, एवढं चालवून बघता का?" चहा यायच्या आत साठ खाती तयार! विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "अरे वा! मग आपण इतकी वर्षं दोन-दोन दिवस का घालवत होतो?" आपण म्हणजे कोण, ते न कळायला मी काही बावळट नाही.

त्यानंतर मुलं तिच्याच टेबलाभोवती. मी तिला मुद्दाम 'मॅडम, मॅडम' म्हणायचो, लांब ठेवायला. ती डबा पुढे करायची, "सर, ठेचा घ्या ना, घरचा आहे." मी नको म्हणायचो. वास असा यायचा की विचारू नका, पण नको म्हणजे नको.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी विभागप्रमुखांनी सांगितलं, "हिलाही ॲडमिन करून टाका. तुम्ही रजेवर असलात की सगळं अडतं." दातओठ खात मीच कमांड दिली. दहा मिनिटांत तिने सर्व्हरवर प्रोजेक्टच्या फाइलींसाठी नवा ग्रुप बनवला. त्यात विभागप्रमुख, शेवटच्या वर्षाची मुलं, ती स्वतः. मी नाही! ॲडमिनला काही त्या ग्रुपची गरज नसते, त्याला एरवीही सगळं उघडता येतं. पण जळणाऱ्याला कुठलं भान! म्हटलं, थांब, मीच घालतो माझं नाव.

घातलं, आणि तिथेच माती खाल्ली. खातं नव्या ग्रुपमध्ये घालताना कमांडमध्ये 'यातही जोड' असं सांगणारा एक पर्याय लावावा लागतो. तो राहिला, तर जुने सगळे ग्रुप सुटतात, ॲडमिनचासुद्धा, आणि फक्त नवा उरतो. चौदा वर्षं मी हेच इतरांना बजावत आलो. रागाच्या भरात तेवढंच राहिलं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, तर मी ॲडमिन नाही. साधा वापरकर्ता. माझ्याच सर्व्हरवर!

परीक्षा सुरू झाली. पाचव्या मिनिटाला एक मुलगी रडवेली होऊन आली, "सर, पासवर्ड आठवत नाही." विभागप्रमुख शेजारीच उभ्या. मी कमांड दिली, सर्व्हरने नकार दिला. पुन्हा दिली, पुन्हा नकार. सर्व्हर बंद करून मागच्या दाराने शिरता आलं असतं, पण साठ मुलं त्यावर पेपर सोडवत होती. घाम फुटला मला. ती पोर घड्याळाकडे बघत होती. शेवटी उठलो आणि जिचं तोंड बघायची इच्छा नव्हती तिच्यापाशी गेलो. "मॅडम, जरा येता?"

तिने स्क्रीनवर एक नजर टाकली. आधी त्या मुलीचा पासवर्ड बदलला, मग मला माझ्या जागी परत बसवलं. विभागप्रमुखांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"काही नाही हो मॅडम, होतं असं. परवा माझ्याकडूनही अगदी हेच झालं. सरांनीच निस्तरलं."

परवा? तिला ॲडमिन होऊन दोन तास झाले नव्हते आणि ते मीच केलं होतं. परवा तिला ही कमांड चालवताच आली नसती. म्हणजे कामात ती माझ्या पुढे होतीच, आता मनानेही पुढे निघाली. मला तिचा नव्याने हेवा वाटला, आणि आधीच्यापेक्षा जास्त.

दुपारी तिने डबा उघडला, पण पुढे केला नाही. रोज नकार ऐकून कंटाळली असावी.

मीच म्हणालो, "अगं, जरा ठेचा दे."