खाकी कागदाखालची बाई

भाऊबीजेनंतरचा रविवार, वाटूर. हजर : मी, आई, मामी. गैरहजर : मामा. उन्हाळ्यात तो गेला. मामी आता पुण्याला लेकाकडे राहणार, म्हणून खोली रिकामी करायची होती आणि मामाचे जुने दिवाळी अंक जालन्याला माझ्या घरी न्यायचे होते.

मामा अंक वाचत नसे, मुखपृष्ठ बघत असे. रद्दीच्या दुकानात उकिडवा बसून गठ्ठे उलटायचा. हातानं रंगवलेलं चित्र दिसलं की दुकानदाराला दटावायचा, "हिला तराजूत घालू नको. ही बाई माणसात बसायची हाय." चित्रात बहुतेक बाईच असे, पणती धरलेली, झोपाळ्यावर बसलेली.

लक्ष्मीपूजनाला त्यातला एक अंक चौरंगाशेजारी उभा राही. "औंदा हिची पाळी," मामा जाहीर करी. मामी फराळ मांडता मांडता विचारी, "हिला बी लाडू वाढू का?"

एकदा मी ते सगळे अंक वर्षवार लावून दिले. दुसऱ्याच दिवशी फोन. "मंगल, हजेरी घेतली का तू बायांची? पणतीवाल्या एकमेकींजवळ बसू दे." मामानं पुन्हा आपल्या पद्धतीनं लावले. या वेळी मी खोकी त्याच पद्धतीनं भरली.

त्याचा पहिला अंक मात्र वेगळा ठेवला. शाळेत असताना तो खराब होऊ नये म्हणून मामानं त्याला खाकी कव्हर घातलं, आणि निघू नये म्हणून सगळ्या कागदाला खळ लावून ते चिकटवलं. चित्र कायमचं आत गेलं. पुढे आयुष्यभर त्यानं त्याच अंकाची दुसरी प्रत शोधली. मिळाली नाही. त्यावरच्या बाईची साडी मामाच्या मते हिरवी, आईच्या मते लाल. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की सुरू.

"हिरवी, आक्का."

"लाल. तू तवा नाक पुसत व्हतास."

खळ पाण्यानं सुटते. मी ओला फडका, पातळ पातं, टीपकागद सगळं आणलं होतं. कोपरा भिजवला. कागद सुटू लागला, तसा आईनं माझा हात धरला.

"राहू दे."

"अगं, आत्ता कळेल कोण खरं ते."

"हिरवी निघाली तर तो जिकला हे त्याला सांगू कसं? अन् लाल निघाली तर चिडवू कुणाला?"

मी पातं खाली ठेवलं. मामी खोक्याला सुतळी बांधत होती. मान वर न करताच म्हणाली, "हिरवीच हाय, वन्सं. मला यांनी सांगितलंय."

आई गर्रकन वळली. "त्याला काय कळतंय! लाल हाय!"

"हिरवी."

माझ्या घरी सगळे अंक लागले. पणतीवाल्या एकत्र, झोपाळ्यावरच्या एकत्र. एक काम बाकी आहे : खाकी कागद सोडवणे. भिजवलेला कोपरा वाळून पुन्हा घट्ट बसला आहे.