आकड्यासाठी मेलेली सासू

मासळीवाल्या ओक-बुनच्या जठरात गाठ निघाली तेव्हा तोंगयोंग बंदराच्या बाजारात कुणी फारसं घाबरलं नाही. तिच्या गल्लीत अर्ध्या जठराचे तिघे होते आणि तिघेही सुकट विकताना खणखणीत ओरडत. भीती घातली ती डॉक्टर प्योंनी. कापण्याआधी त्यांनी रक्त तपासलं, त्यातली प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी यांवरून एक आकडा काढला आणि तोंड वाकडं केलं.

"आकडा पडलाय, मावशी. अशा रक्तावर कापलं तर टाके धरत नाहीत, जखम चिघळते. पोटभर खा, आकडा वर आणा. गाठ काही आपल्यासाठी थांबणार नाही."

बाजार पेटून उठला. ऑक्टोपसवाली बोंग-ये रोज जिवंत ऑक्टोपस आणून आपटायची. "यानं पडलेला बैल उठतो, तू काय चीज आहेस!" शेजारी हाडांचं सूप आणायचे.

पण घरात सासूबाई होत्या. माल-सुन, नव्वदीच्या पुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, दात मात्र स्वतःचे. मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनी उचलायचा नाही आणि चांगला घास मोठ्यांचा, हे ओक-बुनच्या हातात इतकं मुरलं होतं की ऑक्टोपसचे जाडजूड पाय सासूच्या वाटीत जात आणि खालचं पाणी तिच्या स्वतःच्या. म्हातारीला दिसत नव्हतं. तिला वाटे, दोघी सारखंच जेवतोय.

पुन्हा रक्त तपासायला ओक-बुनबरोबर सासूबाईही गेल्या. नर्सनं सुई काढताच त्यांनी बाही वर केली. "मोठी कोण? आधी माझं!" नर्सही त्याच गावची. तिला यात काहीच वावगं वाटलं नाही. तिनं काढलं.

डॉक्टरांनी दोन्ही अहवाल पाहिले.

"आजी, तुमचं रक्त पैलवानाचं आहे. ऑपरेशन तुमचंच उरकू का? आणि मावशी, तुमचा आकडा आणखी खाली! बाजारातून रोज येतो तो ऑक्टोपस गेला कुठे?"

सगळ्यांनी म्हातारीच्या गुलाबी गालांकडे पाहिलं. घरी आल्यावर ती फुटली.

"माझ्या पोटात गेला होय! आणि मला सांगितलं नाहीस, भवाने? आजपासून तू आधी जेवायचंस!"

ओक-बुननं चमचा उचलला. तोंडापर्यंत न जाताच चमचा खाली आला. तिला रडू फुटलं. "तुमच्याआधी हात उठतच नाही हो, आई."

म्हातारीनं थोडा विचार केला. "मग मी मेले."

"अहो, काय बोलता!"

"सासऱ्यांच्या श्राद्धाला भातात चमचा उभा खोचतेस, नमस्कार घालतेस, आणि नंतर सगळं कोण खातं? ते उठून मासा खातात का?"

"नाही. ते नुसता वास घेतात."

"मग मीही घेईन. वाढ."

त्या संध्याकाळी बोंग-ये ऑक्टोपस घेऊन आली आणि दारातच किंचाळली. जिवंत माणसापुढे भातात चमचा उभा! पोरानं असं केलं तर थोबाडीत बसते. "अगं बाई, कधी गेल्या?"

"दुपारी," मयतच बोललं. "ऑक्टोपस तिकडे ठेव. रडायचं तर बाहेर रड, सुनेचं जेवण व्हायचंय."

सकाळी चुलीपाशी वाडगाभर पातळ पेज, एवढंच माल-सुनचं दिवसभराचं जेवण. संध्याकाळी ती वास घ्यायची आणि ओक-बुन नमस्कार घालून खायची. कधी म्हातारीचं पोट गुरगुरलं की सुनेचा घास अडकायचा. "मेलेल्यांच्या पोटाकडे लक्ष देऊ नये," म्हातारी खेकसायची.

पुढच्या तपासणीत आकडा वर आला. डॉक्टर खूश. "केलंत तरी काय?"

"सासूबाई गेल्या."

"अरेरे! इतक्या धडधाकट होत्या..."

"बाहेर बसल्यात."

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहिली.

जठर एक तृतीयांश उरलं, पण टाके धरले. ओक-बुन घरी आली तेव्हा सासूच्या भातात चमचा उभाच होता. ती परत येईपर्यंत जिवंत व्हायचं नाही, असं म्हातारीनं ठरवलं होतं. तिची मनगटं काटक्यांसारखी झाली होती. ओक-बुनचे डोळे भरून आले. तिनं चमचा उपटला आणि त्या हातात दिला.

"उठा आता, आई. जेवा."

म्हातारीनं चमचा बाजूला ठेवला. चाचपडत मासा शोधला, बोटांनी काटे काढले आणि मऊ तुकडा सुनेच्या पेजेवर ठेवला.

"तुम्ही?"

"माझं झालंय गं मघाशीच." आणि तिचं पोट मोठ्यानं गुरगुरलं.

ओक-बुननं तिकडे लक्ष दिलं नाही. जिवंत सासूच्या आधी तिनं पहिला घास तोंडात घातला.