आ कर, बहीण

आपा बोलता बोलता तोंडात बोटं घालायच्या, वरची कवळी काढून तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दख! मन्हा दात आठे शेतस. तुन्हा कोठे ठेवशी?" माझे दात इथे, तुझे कुठे ठेवशील, हे बोळक्या तोंडाने बोललेलं अर्धंच कळायचं, पण समोरचीच्या अंगावर काटा यायचा आणि तेवढं पुरे होतं.

तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि आमच्याच गल्लीत राहायच्या. बाई तापाने फणफणलेली असो की कुणाचा पाय मुरगळलेला असो, आधी "आ कर, बहीण." तोंड बघितल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. वीस वर्षं मिसरी लावून स्वतःचे दात घालवलेली बाई ती, तिला कोण फसवणार?

मिसरी मीही लावायची. लग्नात आईने दिलेली पितळेची डबी आणि तिच्यात भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी ती हिरड्यांवर चोळल्याशिवाय मला चूलसुद्धा दिसत नसे. एकदा आपांनी माझा गाल आतून पाहिला आणि कवळीला हातही लावला नाही. तेव्हाच मी घाबरले. आत पांढरा डाग होता. "हाऊ डाग वाढना तं मोठा रोग व्हई," म्हणाल्या आणि माझी डबी उचलून पिशवीत टाकली. "डाग गया का डबी परत." माझी पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर गल्लीतल्या बाया जमवल्या. वांगं मधोमध कापलं, एका फोडीला लिंबू चोळलं, दुसरी तशीच ठेवली. गप्पा होईतो बिनलिंबाची फोड काळवंडली. "लोखंडले जंग लागस, तसा माणूसलेबी लागस. तंबाखूनी तोंडले, उननी कातडीले." लिंबू, आवळा, पेरू खाल्ला की आतून जंग कमी धरतो, असं त्या पुढे सांगत होत्या. पण बायांचे डोळे वांग्यावर.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही लिंबं दातांना चोळली, गालांना चोळली आणि तशाच कापूस वेचायला उन्हात गेलो. संध्याकाळी दात असे आंबले की भाकरी चावेना, आणि गालांवर हे चट्टे! साऱ्या जणी आपांच्या दारात. त्या आधी डोक्याला हात लावून बसल्या, मग इतक्या हसल्या की कवळी सुटून मांडीवर पडली. "मी खावाले सांगं, चोळाले नही वं! पण चूक मन्हीच शे. मीच चोळीसन दखाडं." मग एकेकीच्या गालाला त्यांनी स्वतः खोबरेल लावलं.

डबीशिवायचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. मी सगळ्यांवर खेकसायची. एकदा बाजारातून गुपचूप मिसरीची पुडी आणली, चिमूटभर लावलीही. आपांना वास आला. मी कवळीची वाट पाहत होते, पण त्यांनी पाळण्यातली पोर उचलून माझ्या मांडीवर दिली आणि निघून गेल्या. पुडी मी चुलीत टाकली. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

मग दर बाजारच्या दिवशी "आ कर" सुरू झालं. कित्येक महिन्यांनी एकदा त्यांनी मला खिडकीशी नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. "गया वं, गया!" आणि मला मिठीच मारली. डबीची आठवण दोघींनाही राहिली नाही.

ती त्यांना राहिली होती, हे बदली झाली तेव्हा कळलं. धुळ्याच्या गाडीत बसताना त्यांनी पिशवीतून डबी काढली, घासून लख्ख केलेली. "तुन्ही अमानत."

आईची डबी. हात पुढे गेलाच होता माझा. मग म्हटलं, "तुमनाजोडेच ऱ्हाऊ द्या, आपा."

गाडी हलली. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडल्या, "आ कर, बहीण!"

भर स्टँडवर, जेठांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या देखत, डोक्यावरचा पदर सावरत मी आ केला. गाडी वळेपर्यंत तोंड मिटलं नाही.