वाळूत परत ठेवलेल्या तिसऱ्या

दर आठवड्याला मी खाडीच्या तोंडाशी पाण्याचे नमुने घ्यायला जाते. त्या सकाळी पाणी तांबूस झालं होतं आणि काठाने मेलेल्या माशांची पांढरी रेघ लागली होती. पलीकडे गावातल्या सुंदरमावशी ओल्या वाळूत बसून नेहमीसारख्या विकायला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत होत्या.

"मावशी, ह्या घरी नेऊ नका. पाण्यात विषारी शेवाळ वाढलंय, ते ह्यांच्या पोटात साठतं."

त्यांनी एका उघड्या शिंपल्याला बोट लावलं. तो चटकन मिटला. "अगो, ह्या तर जित्या हायत!"

"जित्या असल्या तरी खायच्या नाहीत."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

मला वाटलं, आता रागाने टोपली पालथी करतील. पण त्यांनी एकेक उचलून वाळूत नीट खोचली आणि वरून हात फिरवला. पाणी बिघडलं, एवढं सांगणं माझं काम. ज्यांचं त्यावर पोट आहे त्यांनी काय करायचं, ते माझ्या वहीत कुठेच येत नाही.

उठताना त्यांनी विचारलं, "ह्यांना कळत आसंल काय गो, आपल्या पोटात काय हाय ते?"

"नाही मावशी."

"बरं हाय," म्हणाल्या आणि रिकामी टोपली घेऊन मेलेल्या माशांच्या कडेने चालू लागल्या.