पदराआडची ऊब

लिलाबाईंच्या विणकामाला धुळ्यात तोड नव्हती आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होती. दिवाळी सरली की त्यांच्या गल्लीत बँकेतल्या, शाळेतल्या बायकांची ये-जा सुरू व्हायची. रस्त्याकडेला तिबेटी लोक स्वेटरांचे ढीग मांडून बसत. तिथून कुणी काही घेऊन आलं की लिलाबाई ते दोन बोटांत धरून म्हणायच्या, "ऊब आहे हो, पण रूप कुठंय?" थंडीत बाई गाठोडं दिसू नये, हे त्यांचं पहिलं तत्त्व. कमरेत जरा आवळ, मनगटाला घट्ट पट्टी, गळ्याशी उभी कॉलर आणि बटणं साडीच्या काठाशी जुळणारी. जुळली नाहीत तर गिऱ्हाइकाला साडीच बदलायला सांगणारी ही बाई!

अशा बाईने पोटच्या लेकीला लग्नानंतरचा पहिला स्वेटर दिला आणि तिथंच माती खाल्ली.

सिंधू ही त्यांची एकुलती लेक. लहानपणापासून दम्याची. गारठा पडला की छातीतून शिट्टी वाजायची. सत्त्याऐंशीच्या वैशाखात तिला दोंडाईचाजवळच्या एका खेड्यात, आधार नावाच्या शेतकऱ्याला दिली. घर खाऊनपिऊन सुखी, जावई स्वभावाने गरीब. दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा लिलाबाईंनी जांभळ्या लोकरीचं, पुढे वेणीची वीण घातलेलं कार्डिगन तिच्या अंगावर चढवलं. पोर इतकी देखणी दिसली की मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढावी लागली.

एवढ्या कौतुकात एक गोष्ट मात्र राहून गेली. लिलाबाईंच्या घरी डोक्यावर पदर घ्यायची सक्ती नव्हती. सिंधूच्या सासरी होती. सासऱ्यांपुढे पदर कपाळापर्यंत ओढल्याशिवाय सुनेनं उभं राहायचं नाही. आणि कार्डिगन घालतात साडीवरून. गळ्यापर्यंत बटणं लावली की पदर आत अडकतो तो अडकतोच. सिंधू सासरी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे होते. पंगतीत तिचे सासरे पितांबर आबा बसले होते. भाकरी वाढायला ती बाहेर आली, एका हाताने पदर ओढला, तो येईना. पुन्हा जोरात ओढला, तर बटण तुटून पाहुण्याच्या वरणात पडलं. चारचौघांत सून उघड्या डोक्याने उभी! आबा अर्ध्या ताटावरून उठले.

सासूने, द्रौपदाबाईंनी, कार्डिगन पेटीत टाकून कुलूप लावलं. धुळ्याला निरोप आला: "परत असं काही धाडशात ते आंडेरले माहेरमाच ठेवा." आंडेर म्हणजे लेक. निरोपात राग होता आणि तो पोकळ नव्हता.

चूक आईची आणि थंडी लेकीच्या वाट्याला, असा न्याय झाला. शाल होती, पण शाल पांघरून कामं होतात का? वाकलं की ती शेणात नाहीतर चुलीत. पौष लागला. रानात गव्हाला पाणी सुरू झालं आणि पहाटेचा वारा अंगाला झोंबू लागला. सिंधूची सासरची शेजारीण बेबाबाई धुळ्याला आली होती. ती लिलाबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अक्का, पोरनं काही खरं नही. व्होट निळा पडतस. घरमा कोन्हले सांगस नही."

लिलाबाई पेचात पडल्या. गप्प बसावं तर पोर जिवाला मुकेल आणि काही करावं तर संसाराला. त्यांना स्वतःचाच संताप आला. जगाच्या बायकांना रूप वाटत फिरले आणि माझ्या पोरीचं सासर तेवढं मापात घ्यायचं विसरले!

त्यांनी गिऱ्हाइकांची सगळी कामं बाजूला सारली. बारीक लोकर आणि बारीक सुया घेऊन विणायला बसल्या ते पोलकं. लोकरीचं, पुऱ्या बाह्यांचं, कमरेपर्यंत येणारं, गोल गळ्याचं. ते आत घालायचं आणि साडी वरून नेसायची. पदर मोकळाच्या मोकळा. बटणांना फाटा देऊन पुढे हुक लावले. पण स्वभाव कुठं जातो? बाहेर दिसणार ते फक्त हातच, म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत त्यांनी कडुनिंबाच्या पानांची नक्षी उतरवली.

न कळवता लेकीच्या घरी जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणं. तरी त्या गेल्या. गोठ्यात पोरीला एकटी गाठायची आणि पोलकं गुपचूप द्यायचं, असा एसटीत बसल्यापासून बेत होता. पण सिंधू ओट्यावर दिसली आणि बेत विरला. पोर भिंतीला हात टेकून श्वास घेत होती. आईला पाहून हसली, पण बोलायला तिच्याजवळ दम नव्हता. आधार पहाटेच रानात गेलेला.

आत चुलीपुढे द्रौपदाबाई बसल्या होत्या. विहिणीला पाहून उठल्या नाहीत.

"न सांगता उनी, याहीण? पिशवीमा काय शे?"

लिलाबाईंच्या जिभेवर लाडवांचं नाव आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. पोलकं काढून विहिणीपुढे ठेवलं.

द्रौपदाबाईंचा चेहरा ताठ झाला. "मी काय सांगेल व्हतं?"

"हाई लुगडानी खाले घालानं. पदर मोकळाच ऱ्हास. एकदाव देखी ल्या. नही पटनं ते मी मन्ही आंडेरले आत्तेच लई जास."

लेकीला घेऊन जाते, असं बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच भय वाटलं. सिंधू दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग सासूकडे. द्रौपदाबाईंनी पोलकं उचललं, बाही आतून बाहेरून पाहिली, नक्षीवरून अंगठा फिरवला. पोलकं सुनेकडे टाकलं.

"घाल. आनि चहा आन."

मग अंगणाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "आयकं का? चहा लेवाले या!"

म्हणजे परीक्षा आबांसमोरच होणार होती. लिलाबाईंनी स्वतःचा पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीशी सरकल्या. आबा येऊन बाजेवर बसले. सिंधू पोलकं घालून, कपबशी घेऊन पुढे आली. एका हाताने तिने पदर ओढला. तो खांद्यावरून सरळ वर आला आणि कपाळावर नीट बसला. ती वाकली, कपबशी सासऱ्यांच्या हातात दिली.

आबा चहा तोंडाला लावणार, तो थांबले. कपाकडे बघत राहिले.

"आज कपबशी वाजनी नही," ते म्हणाले. "रोज खडखड वाजस. माले वाटे, पोर माले घाबरस."

बोलल्या त्या द्रौपदाबाई, आणि त्यांचा आवाज ओळखू येईना इतका बारीक होता.

"थंडीमुये वाजे ती. मन्ही बी वाजे. इतला हिवाळा वाजनी. तुम्हीन तव्हय बी हाईच समजनात का?"

चहा आबांच्या हातात निवत राहिला.

या बाईशी गाठ पडलीच तर भांडायची तयारीही लिलाबाई वाटभर करत आल्या होत्या. मनात जुळवलेलं एकही वाक्य आता त्यांना आठवेना. त्या चुलीपुढे जाऊन विहिणीजवळ बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. विस्तवापुढे बसूनही तो गारठलेलाच होता.