पापुद्रेताईंचा प्रश्न

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेताई म्हणत. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या ग्रंथीचे त्या इतके पातळ काप काढत की पाण्यावर तरंगताना नुसती सुरकुती दिसावी. कापताना त्या श्वास रोखून धरत, कारण साध्या फुंकरीनेही काप उडून जाई.

"ताई, एखाद दिवशी श्वास परत घ्यायला विसराल," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या.

"विसरले तर आधी काप पाण्यातून उचला, मग मला."

काम मेंढीच्या गर्भांवरचं होतं. थायरॉइड ग्रंथीत ज्या प्रथिनापासून हार्मोन तयार होतं, ते गर्भ किती वाढल्यावर दिसू लागतं, हे मॅडम शोधत होत्या. प्रथिन असेल तिथे काचेवर घेतलेल्या कापाला तपकिरी रंग चढे. प्रत्येक काचेबरोबर ताई एक जोडकाच ठेवत. तिच्यावर बाकी सगळं तसंच करायचं, फक्त प्रथिन ओळखणारं द्रावण घालायचं नाही. ती कोरी राहिली तरच दुसरीवरचा रंग खरा मानायचा.

त्या दुपारी मॅडमनी काचा गर्भाच्या वयाप्रमाणे लावल्या आणि ताईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. सर्वांत लहान गर्भात ग्रंथी आकाराला आली होती, पण रंगाचा मागमूस नव्हता. पुढच्यात फिकट, त्यापुढच्यात गडद. जोडकाचा कोऱ्या.

"म्हणजे आधी घर, मग बिऱ्हाड," ताई म्हणाल्या.

"माणसातही क्रम हाच. ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांतच घडते."

ताईंचा काच बदलणारा हात थांबला.

घरी त्यांचा धाकटा भाऊ होता. वयाने पन्नाशीचा, समजेने पाच वर्षांचा. जन्मतःच त्याच्या गळ्यात ही ग्रंथी नव्हती. ते कळून हार्मोनची गोळी सुरू होईपर्यंत फार उशीर झाला होता, मेंदूची वाढ खुंटली होती. आई आयुष्यभर एकच म्हणत आली, "तो पोटात असताना मी जिन्यावरून पडले. माझ्यामुळे झालं." जखमेवर मीठ नको, म्हणून पुढचं कुणी कधी विचारलं नव्हतं. ताईंनीही नाही.

आता विचारायला हवं होतं. पण आई सुरुवातीचे महिने म्हणाली तर? मग तिला द्यायला ताईंकडे काही उरलं नसतं. आणि खोटा दिलासा त्यांच्या तोंडून निघाला नसता.

आईने अलीकडे अंथरूण धरलं होतं. त्या संध्याकाळी तिच्या पायाशी बसून धाकटा मोज्यांच्या जोड्या लावत होता.

"आई, तू पडलीस तेव्हा कितवा महिना होता?"

"आज कुठून आठवलं? आणि श्वास कसला रोखलायस? मी काय मेणाची आहे?"

"सांग ना."

"सातवा सरत आला होता. पोटाआड पायरी दिसलीच नाही."

ताईंनी श्वास सोडला. "मग ते तुझ्यामुळे नाही झालं, आई. ती ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या आत घडते. तू पडलीस त्याच्या कितीतरी आधीच ती घडायची राहून गेली होती."

"माझं मन राखतेयस."

"राखायचं असतं तर कधीच राखलं असतं."

"मग झालं कशानं?"

"ते मला नाही माहीत."

आईने चादरीच्या टोकाने डोळे टिपले. "जिन्यातला दिवा तुझ्या बाबांनी लावला नव्हता," ती म्हणाली. "ते हेच मनात धरून गेले. त्यांना आता कोण सांगणार?"

धाकट्याने एक सुटा मोजा त्यांच्यापुढे धरला. त्याचा जोडीदार सापडत नव्हता. ताई खाली वाकल्या आणि पलंगाखाली शोधू लागल्या.